गिरणीवरच्या खोलीतले तीन मासे

ज्या आठवड्यात मला पलंगावर आडवं केलं, त्याच आठवड्यात माझ्या दिराने माझ्या खोलीत माशांची टाकी आणून ठेवली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. त्याला चार फुटी काचेची टाकी ठेवायला भक्कम जागा हवी होती. आमच्या घरात अशी जागा एकच, वरच्या खोलीतला सिमेंटचा ओटा. आणि मला जिन्याची एकही पायरी उतरायची नव्हती, म्हणून मलाही तीच खोली मिळाली.

आमचं घर विसरवाडीला, हायवेला लागून. खाली पिठाची गिरणी आणि वर दोन खोल्या. सासरे आता नाहीत, गिरणी सासूबाईच चालवतात. माझे यजमान तिकडे धडगावच्या बाजूला आश्रमशाळेत शिक्षक आहेत, त्यामुळे ते शनिवारी यायचे आणि रविवारी दुपारच्या गाडीने परत जायचे. मी इथल्याच एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. सहावा महिना लागला आणि एका सकाळी फळ्यावर बेरजा लिहिताना मला रक्त गेलं.

चिंचपाड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघितली आणि सरळच सांगितलं. बाळाची वार खाली आहे, अगदी पिशवीच्या तोंडाशी. उचलायचं नाही, वाकायचं नाही, प्रवास नाही, जिना तर नाहीच. मोरीपर्यंत जायला परवानगी, बाकी पडून राहायचं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"बाळ येईपर्यंत," त्या म्हणाल्या.

माझं माहेर सिन्नरचं. मला तिकडे जायचं होतं. पण त्या रस्त्याने सहा-सात तास हादरे खात जाणं शक्यच नव्हतं, आणि इथून दवाखाना जीपने पंधरा-वीस मिनिटांवर. आई येऊन चार दिवस राहिली. वडिलांना एकटं ठेवता येत नाही म्हणून डोळे पुसत परत गेली. मग मी, पलंग, पंखा आणि खालून येणारा गिरणीचा आवाज एवढंच उरलं.

तो आवाज कानांनी ऐकायचा नसतो, तो पाठीला लागतो. मोटर सुरू झाली की फरशी थरथरायची, पलंग थरथरायचा, औषधाच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. खिडकीतून हायवे दिसायचा. नवापूरकडे जाणाऱ्या एसट्या, सुरतेकडे जाणारे ट्रक, टमाट्याचे पिकअप. सगळं जग कुठे ना कुठे निघालेलं असायचं आणि मी कुशीवर. छताला ओल येऊन उमटलेला एक डाग होता. पहिल्या आठवड्यात मी त्याच्याकडे बघत असे. नंतर त्याचाही कंटाळा आला आणि मी टाकीकडे तोंड केलं.

दीर सुरतेहून आला होता, डोक्यात नवा धंदा घेऊन. शोभेचे मासे वाढवून विकायचे. त्याने एका दिवसात सगळं आणलं. टाकी, फिल्टर, हीटर, खडे आणि तीन मासे. गोल्डफिशसारखे गरीब मासे त्याला नकोच होते. त्याला सिक्लिड नावाचे तापट मासे हवे होते. "वहिनी, हे मासे माणसाला ओळखतात. काचेवर बोट ठेवा, चावायला येतात," तो कौतुकाने म्हणाला. एक लालभडक, जाड ओठांचा. दुसऱ्याच्या कपाळावर नारळासारखं टेंगूळ. तिसरा लहान, काळसर, अंगावर निळे ठिपके. बोअरचं पाणी भरलं, फिल्टर सुरू केला आणि तासाभरात पिशव्या फोडून त्याने तिघांना आत सोडलं.

सासूबाई दळण थांबवून बघायला वर आल्या. केसांवर पीठ, भुवयांवर पीठ. कमरेवर हात ठेवून त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली.

"खावाना नही, इकाना नही, मंग कसाले पाळना?"

"इकानाच शे, माय," दीर म्हणाला.

"कोन लेई याले? याना तोंड दख."

लाल मासा त्यांच्याकडेच बघत होता आणि त्याचं तोंड खरंच भांडखोर होतं.

चार-पाच दिवसांत पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. दिराने सुरतेच्या दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून आवाज आला, "अरे भाई, टंकी सायकल नहीं की? सीधा मच्छी डाल दी?"

सासूबाई मला जेवण घेऊन आल्या होत्या. ताट हातात धरून त्या थबकल्या. "टाकीमा सायकल? टाकीमा सायकल कशी चालाडतस?"

मला हसू आलं आणि हसणंही जपूनच करायचं होतं, म्हणून मी पोटावर हात दाबून धरला.

दुकानदाराने समजावून सांगितलं ते असं. मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीचा अमोनिया होतो, म्हणजे विष. नदीत, तळ्यात ते विष खाणारे सूक्ष्म जीव असतात. नव्या टाकीत ते नसतात. ते हळूहळू आपले आपण येतात, फिल्टरच्या स्पंजमध्ये घर करतात. मग ते एका विषाचं दुसरं विष करतात आणि त्यांच्या मागून येणारे दुसरे जीव त्या दुसऱ्या विषाचं निरुपद्रवी खत करतात. हे चक्र जमायला महिना-सव्वा महिना लागतो, कधी जास्तही. खरं तर तोवर टाकी रिकामी ठेवायची असते. आता मासे आत आहेतच, तर रोज थोडं पाणी काढायचं, थोडं नवं घालायचं, खायला चिमूटभर द्यायचं आणि स्पंज नळाखाली धुवायचा नाही.

"आणि दुसरं काय करता येईल?" दिराने विचारलं.

"वेट करो," दुकानदार म्हणाला. "इसमें कुछ दिखता नहीं है. बस वेट करो."

हे ऐकून मी भिंतीकडे तोंड वळवलं. डॉक्टरीणबाईही मला फोनवर दर वेळी हेच सांगत होत्या.

दिराला मात्र थांबायला जमलं नाही. त्या आठवड्यातच सुरतेच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं आणि धंदा जागच्या जागी सोडून तो गेला. जाताना पाणी तपासायच्या थेंबांची पेटी माझ्या उशाशी ठेवून म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर दिवसभर इथंच असता."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ते वाक्य मला फार लागलं. मी इथंच असते, म्हणजे मी आता या खोलीतलं सामान झाले.

तेव्हापासून आमचा दिवस ठरून गेला. सासूबाई सकाळी गिरणी सुरू करण्याआधी वर यायच्या. मी त्यांना आधी कोपरापर्यंत हात धुवायला लावायची. नळीने पाणी काढायचं तर तोंडाने ओढावं लागतं, ते त्यांना पटेना. "त्याना मुत मी तोंडमा घेऊ?" त्या रोज म्हणायच्या आणि तरी नळी तोंडाला लावायच्याच. एक बादली काढायची, मोरीत ओतायची, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हळूहळू घालायचं. मग सासूबाई पेटीतल्या काचेच्या नळकांडीत टाकीचं पाणी भरून माझ्या हातात द्यायच्या. मी उशीला टेकून थेंब टाकायची, हलवायची आणि थांबायची. पिवळं राहिलं तर चांगलं, हिरवं झालं तर विष. रोज हिरवं व्हायचं. नुसतं हिरवं नाही, शेवाळासारखं.

"आज?" त्या विचारायच्या.

"हिरवं."

"मंग आखो पानी बदलू का?"

"संध्याकाळी एकदा."

एवढंच आमचं बोलणं. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण आमच्यात बोलायला फारसं काही नव्हतं. त्यांची अहिराणी मला समजायची, मला बोलता यायची नाही. माझं पुस्तकी मराठी ऐकलं की त्यांना वाटायचं, मी शाळेतल्यासारखी शिकवतेय. त्या मला प्रेमाने वाढायच्या, वेळेवर गोळ्या द्यायच्या, पण पलंगाशी बसायच्या नाहीत. खाली दळणाचे डबे रांगेत लागलेले असायचे.

कपाळावर टेंगूळ असलेला मासा त्या हिरव्या दिवसांतच गेला. आदल्या दिवशीपासून तो तळाशी बसून होता. सकाळी उलटा तरंगत होता. सासूबाईंनी शेपटीला धरून बाहेर काढला आणि गिरणीमागे टाकला. "मांजरनं बी तोंड लावं नही," त्यांनी नंतर येऊन सांगितलं. त्या आवाजात चेष्टा नव्हती. दिवसभर त्या दोनदा विनाकारण वर येऊन टाकीकडे बघून गेल्या.

आता दोघे उरले आणि लाल माशाने सगळी टाकी आपली केली. खड्यांचा ढीग करून तो मधोमध उभा राहायचा. काळा हलला की हा झेपावलाच. शेपटीचे तुकडे, खवले पाण्यात तरंगताना दिसायचे. काळ्याला जागा एकच उरली, वरच्या कोपऱ्यात हीटरच्या मागे, उभ्या बोटाएवढी. तो तिथे तिरका होऊन तासन् तास राहायचा. खाणं टाकलं तरी खाली यायचा नाही. मी कुशी बदलली तरी तो दिसायचा, डोळे मिटले तरी दिसायचा. सगळ्यात वाईट म्हणजे मला त्याच्यासाठी काहीच करता येत नव्हतं. टाकी माझ्यापासून चार पावलांवर होती. ती चार पावलं मला चालता येत होती. मोरीपर्यंत मी तेवढीच चालत असे. पण हात वर करून जड काच उचलायची, वाकायचं, जाळी फिरवायची हे करायचं नव्हतं.

"हाऊ लाल मुडदा कोनले जगू देत नही," सासूबाई काचेवर टिचकी मारून म्हणायच्या. लाल मासा त्या बोटावर झेप घ्यायचा आणि काचेला थाडकन तोंड आपटून घ्यायचा.

एके दिवशी दुपारी गिरणीत गर्दी होती. सकाळभर वीज नव्हती, ती आल्याबरोबर साऱ्या गावाचं दळण एकदम आलेलं. वीज नसताना फिल्टर बंद पडला होता आणि माशांना हवा मिळावी म्हणून सासूबाईंनी टाकीवरची काच बाजूला सरकवून ठेवली होती. ती परत लावायची राहिली. खाली मोटर पूर्ण जोरात. मी डोळे मिटून पडले होते. पाण्याचा सपकन आवाज झाला आणि मग फरशीवर ओला फटका बसल्यासारखं काही पडलं.

काळा मासा टाकीबाहेर होता.

तो पलंग आणि ओट्याच्या मधोमध पडला होता, माझ्या हातापासून दीड-दोन हात लांब. उडायचा, पडायचा, परत उडायचा. प्रत्येक उडीबरोबर तो माझ्याकडे यायच्या ऐवजी दाराकडे सरकत होता.

"आत्याबाई!" मी सासूबाईंना ओरडून हाक मारली. गिरणीचा आवाज तसाच. मी परत ओरडले. पोटात ताण आला तशी गप्प झाले. मोबाईल लावला. खाली कोनाड्यात ठेवलेला त्यांचा फोन वाजत राहिला असणार, त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार?

उठावं, असं वाटलं. पाय खाली सोडलेही. मग डॉक्टरीणबाईंचा चेहरा आठवला नाही, काहीच थोर आठवलं नाही. आतून बाळाने एक ढुशी दिली. मी पाय परत वर घेतले आणि रडायला लागले. एका माशासाठी कोणी रडतं का? पण मी माशासाठी रडत होते की नाही, ते तेव्हाही मला सांगता आलं नसतं.

उशाशी पाण्याने भरलेला पेला होता. मी तो नेम धरून माशावर ओतला. तो ओला झाला, क्षणभर शांत पडला. मग रिकामा पेला मी खिडकीच्या गजांमधून बाहेर फेकला. खिडकीखाली गिरणीच्या पडवीचे पत्रे आहेत. पेला पत्र्यावर पडला, घरंगळत गेला. काहीच झालं नाही. मग मी चमचा फेकला. मग औषधाची बाटली. मग फळांचं स्टीलचं ताट आडवं जाईना, ते उभं करून गजांमधून ढकललं. ताटाने पत्र्यावर असा काही आवाज केला की रस्त्यावरचा एक माणूस खालून ओरडला.

मोटर बंद झाली. पट्टा फटफट करत थांबत गेला. आणि मग जिन्यावर पावलं.

साठीच्या जवळ आलेल्या, गुडघे दुखतात म्हणून जिन्यात मधे थांबणाऱ्या माझ्या सासूबाई त्या दिवशी कशा वर आल्या, ते मी फक्त ऐकलं. दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना श्वास घेता येत नव्हता. पदर कुठे, केस कुठे, सगळं तोंड पांढरं.

"काय व्हयनं? रगत पडनं का?"

"नाही, आत्याबाई. मासा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. मला वाटलं, आता त्या मला काय काय बोलतील. त्या खाली वाकल्या, दोन्ही हातांनी मासा उचलला आणि मोरीतल्या भरलेल्या बादलीत सोडला. त्यांच्या हातांचं ज्वारीचं पीठ माशाच्या सगळ्या अंगाला लागलं होतं. त्यांच्यामागून दळणाला आलेली एक कोकणी बाई दारापर्यंत आली होती. तिने बादलीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "मावशी, हा तर तळायला तयार झाला!"

ती हसली, मीही हसले. सासूबाई हसल्या नाहीत. भिंतीला पाठ लावून त्या फरशीवरच बसल्या, पाय पसरून.  बघता बघता त्यांच्या गालांवरच्या पिठात दोन ओल्या रेघा उतरल्या.

"माले वाटनं..." एवढं म्हणून त्या थांबल्या. तोंडावरून हात फिरवला. मग एकदम चिडून, "पत्रावर ताट टाकानं व्हतं तर आगोदर टाकानं. पेला कोनले ऐकू येस?"

त्या बाईने आपला डबा तसाच ठेवला आणि दळण नंतर नेते म्हणून गेली. सासूबाई बराच वेळ बसून राहिल्या. पहिल्यांदाच माझ्या पलंगाशी. गिरणी बंद, फरशी स्थिर. त्यांनी मला विचारलं, "तुले आठे कोंडाई गयासारखं वाटस ना?"

मी हो म्हणाले.

"माले बी वाटे," त्या म्हणाल्या. गिरणी नवी घेतली तेव्हा त्या चोविसाच्या होत्या. सासऱ्यांना दम्याचा त्रास, पीठ सोसायचं नाही, म्हणून जात्यापाशी ह्याच. लोकांच्या घरी पीठ नाही तर भाकरी नाही, म्हणून सणाला गिरणी सुरू, लग्नसराईत सुरू. त्यांची आई धानोऱ्याला आजारी होती तेव्हा उद्या जाऊ, परवा जाऊ करत त्या पोचल्या तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती. हे सगळं त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. एखाद्या वाटेचा पत्ता सांगावा तसं सांगितलं, आणि बादलीत बघून म्हणाल्या, "दख, हाली ऱ्हायना."

काळा मासा आडवा पडलेला होता, पण त्याचे कल्ले हलत होते.

त्या संध्याकाळी त्यांनी हायवेवरच्या भाजीवाल्याकडून टमाट्याचा एक मोडका क्रेट मागून आणला. विळ्याने, मग तापवलेल्या सुरीने त्याची जाळीदार बाजू कापली आणि टाकीच्या मधोमध पाचरीसारखी घट्ट बसवली. एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला काळा. लाल माशाने दोन दिवस त्या जाळीवर डोकं आपटलं. काळा तरीही हीटरमागेच राहिला. त्याला आता बाहेर यायला काही हरकत नव्हती, पण त्याला ते समजायला पुष्कळ दिवस गेले.

दुसरी गोष्ट त्यांनी माझ्यासाठी केली. माझ्या पलंगापासून एक सुतळी खिडकीतून खाली सोडली आणि गिरणीत, धान्य ओततात त्या पेटीवर, आपल्या डोळ्यांसमोर येईल अशी एक लाल चिंधी तिला बांधली. मी सुतळी ओढली की चिंधी त्यांच्या नाकासमोर उडायची. घंटा कशी ऐकू आली असती? चिंधी मात्र दिसायची.

पहिल्या दिवशी मी ती विनाकारण ओढून बघितली. त्या वर आल्या. "काय?" मी म्हणाले, "काही नाही, चालते का बघितलं." त्यांनी कपाळाला हात लावला, पण जाताना जरा बसून गेल्या.

मग एका सकाळी नळकांडीतलं पाणी पिवळं राहिलं. मी परत तपासलं. पिवळंच. सासूबाईंनी हात जोडले. दिराला फोन केला तर तो म्हणाला, आता दुसरी बाटली वापरा, दुसरं विष बघा. ते बघितलं तर पाणी गर्द जांभळं. म्हणजे पहिले जीव आले होते, दुसरे आले नव्हते. मासे परत धापा टाकू लागले. आम्हाला वाटलं होतं सुटलो, आणि तेच पाणी, तीच बादली, तीच नळी परत. त्या दिवशी मी जेवले नाही. माझीही तीच गत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वार थोडी वर सरकली तर उठू देईन. मधल्या तपासणीला मला खुर्चीत बसवून दवाखान्यात नेऊन आणलं, पण ती सरकली नव्हती.

"आखो वाट दखानी," सासूबाई ताट झाकून ठेवत म्हणाल्या. "दुसरं काय करसू?"

नववा महिना लागायच्या आधीच, एका दुपारी, मला खाली गरम गरम वाटलं. चादर लाल झाली होती. मी सुतळी ओढली. एकदाच. त्या दिवशी गिरणीत किती आवाज होता मला आठवत नाही, पण त्या वर आल्या तेव्हा गाडीची व्यवस्था झालेलीच होती. चिंधी ज्या तऱ्हेने उडाली त्यावरूनच समजलं, असं त्या अजून सांगतात. दळणाला आलेल्या एकाची जीप होती. दोन माणसांनी मला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. एवढ्या दिवसांनी खालची हवा अंगाला लागली आणि मला तिकडे लक्ष द्यायलाही सवड नव्हती. सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर धरलं होतं. प्रत्येक खड्ड्याला त्या ड्रायव्हरला शिव्या घालत होत्या आणि मला "काही व्हत नही, माय, काही व्हत नही" म्हणत होत्या.

चिंचपाड्याला लगेच ऑपरेशन झालं. मुलगी झाली. लहान, काचेच्या पेटीत ठेवावी लागली. पण तिने पहिल्याच दिवशी मोठा गळा काढला. यजमान अंधार पडता पडता पोचले. सासूबाई दवाखान्याच्या ओसरीत बसून होत्या, अंगावर तेच दळणाचं लुगडं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नात झाल्याचं सांगत होत्या.

आम्ही घरी आलो तेव्हा टाकीकडे कोणाचंच लक्ष राहिलेलं नव्हतं. त्या कोकणी बाईकडे सासूबाईंनी किल्ली दिली होती, ती येऊन चिमूटभर खाणं टाकून जायची, बस. पाणी कोणी बदललं नव्हतं. मी भीत भीतच तपासलं. पहिलं पिवळं. दुसरं स्वच्छ निळं, म्हणजे विष नाही. आम्ही बघत नसताना टाकीचं चक्र पुरं झालं होतं. काळा मासा आपल्या अर्ध्या भागाच्या मधोमध फिरत होता. फाटलेली शेपटी भरून आली होती, पण वाकडी भरली होती.

मला वाटलं होतं, बाळ झालं की मी सुटले. पण मग सव्वा महिना त्याच खोलीत गेला. टाके, दूध, लंगोट, खाली तोच पट्टा. ज्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी जिना उतरले, त्या दिवशी मांड्या इतक्या कापत होत्या की मी तिसऱ्या पायरीवर बसून घेतलं. खालून सासूबाई बघत होत्या. त्या मदतीला आल्या नाहीत. नुसत्या बघत उभ्या राहिल्या आणि मी उठून बाकीचा जिना उतरले.

बारशाला दीर आला. मासे घेऊन जातोस का विचारलं तर म्हणाला, एका खोलीत सहा जण राहतो, कुठे ठेवू? मासे राहिले. लाल अजून जाळीवर धडका मारतो.

मुलगी बसायला लागली तेव्हा धानोऱ्याच्या बहिणीने सासूबाईंना राहायला बोलावलं. या वेळी मी हट्ट धरला. गिरणी चार दिवस बंद ठेवू, मी सुट्टीवर आहे, जा. त्यांनी दाराला पाटी लावायला लावली, पिशवी भरली, एसटीत खिडकीशी बसल्या. गाडी हलली तेव्हा त्यांचा चेहरा शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांचा असतो तसा झाला होता. त्या दिवशी घर इतकं शांत होतं की मुलगीही दचकून उठायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला मांडीवर घेऊन टाकीचं पाणी काढत होते, तर खाली कुलूप निघाल्याचा आवाज आला. सासूबाई जिना चढून वर आल्या, पिशवी खाली ठेवली.

"काय झालं? इतक्या लवकर?"

"काही नही," त्या म्हणाल्या. "माले तठे गमनं नही. झोपच उनी नही."

 त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत, माझ्या मांडीवरून नात उचलून घेतली आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली दोन बाया डोक्यावर डबे घेऊन बंद दारासमोर थांबल्या होत्या.

"मी येस," असं त्यांना ओरडून सांगून सासूबाईंनी नात माझ्याकडे परत दिली आणि त्या खाली गेल्या. थोड्या वेळाने फरशी थरथरायला लागली आणि पोर झोपून गेली.